दोन घोड्यांच्या बचावातली पाचवी चाल: फसव्या ओपनिंगमध्ये योग्य चाल कशी शोधायची

पट मांडा आणि या चाली खेळा: १. ई४ ई५ २. घो एफ३ घो सी६ ३. उं सी४ घो एफ६ ४. घो जी५ डी५ ५. ई×डी५. आता खेळी काळ्याची.

शालेय स्पर्धांपासून ऑनलाइन ब्लिट्झपर्यंत ही स्थिती सतत पटावर येते, आणि काळ्या बाजूने खेळणारे पुष्कळ जण इथेच डाव घालवतात. हात आपोआप जिकडे जातो ती चाल इथे चुकीची आहे. बरोबर चाल आहे ती पहिल्या नजरेला विचित्र दिसते. म्हणूनच 'सर्वोत्तम चाल शोधायची कशी' हे शिकायला ही एक स्थिती नीट पिंजून काढणं दहा ओपनिंगांच्या चाली पाठ करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

लेखनपद्धतीबद्दल थोडक्यात: रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला अक्षर नाही. उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. 'ए' पहिली आणि 'ई' पाचवी, यात गोंधळ होऊ देऊ नका. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट. तीन टिंबं असली की चाल काळ्याची.

आधी पट वाचा, चाल नंतर

चाल सुचायच्या आधी तीन गोष्टी मोजायच्या, आणि त्या याच क्रमाने.

पहिली, माल. पांढऱ्याची आठ प्यादी, काळ्याची सात. बाकी मोहरे सारखे. म्हणजे काळा एका प्याद्याने मागे आहे. आपण मागे आहोत हे ठाऊक असलं की 'काहीच न घडणाऱ्या' चाली यादीतून आपोआप बाद होतात.

दुसरी, कोणाला मार बसतोय? डी५ वरचं प्यादं सी६ च्या घोड्यावर आहे. तो हलवला पाहिजे, त्याच्या बदल्यात काही मिळवलं पाहिजे किंवा प्यादंच मारलं पाहिजे. त्यामुळे ५...एच६ ही चाल इथे चालत नाही. पांढरा आपला जी५ चा घोडा वाचवायच्या भानगडीत न पडता ६. डी×सी६ खेळतो, आणि घोड्याला घोडा गेल्यावर पुढे सी×बी७ ची टांगती तलवार राहते. एच६ ही चाल उपयोगाची आहे, पण तिची वेळ अजून आलेली नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: कोणत्या रेषा बंद आहेत आणि त्या कोणी बंद केल्या आहेत? चौथ्या खेळीत घोडा जी५ वर आला तेव्हा एफ७ वर दोघांचा मारा होता, सी४ चा उंट आणि जी५ चा घोडा. एफ७ चा राखणदार एकच, स्वतः राजा. वजिराने राखायला जावं (४...व ई७) तर ५. उं×एफ७+ नंतर राजा डी८ वर जातो, प्यादं गेलं आणि किल्लेकोटही गेला. म्हणून ४...डी५ ने उंटाचा कर्ण अडवला. आता त्या कर्णावर पांढऱ्याचं स्वतःचंच प्यादं बसलं आहे, म्हणजे या क्षणी एफ७ वर उंटाचा मारा पोहोचत नाही. शिवाय एफ६ वरचा घोडा दोन कामं करतोय: एफ पट्टी झाकतोय आणि एच५ घरावर पहारा देतोय. तो तिथे आहे तोवर पांढऱ्याचा वजीर एफ३ वरून एफ७ पर्यंत पोहोचत नाही आणि एच५ वरही येऊ शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळी गोम त्यातच आहे.

चालींची यादी

आता शक्य चाली मांडायच्या. गणित सुरू करायच्या आधी यादी पूर्ण करा. पहिलीच चाल सुचल्यावर तिच्या मागे धावत गेलं की बाकीच्या दिसतच नाहीत. इथे खऱ्या चाली चार आहेत: ५...घो×डी५, ५...घो ए५, ५...घो डी४ आणि ५...बी५.

शेवटच्या दोन तुम्हाला सुचल्या नाहीत तरी हरकत नाही. पण पहिल्या दोन कोणालाही सुचायला हव्यात: एक मार, आणि एक चाल जिच्यामुळे मार खाणारा घोडा सुटतो आणि उलट उंटावर हल्ला होतो.

५...घो×डी५ का नाही

हिचं आकर्षण समजून घ्या. प्यादं परत मिळतं, घोडा मध्यावर येतो, आणि एफ६ मोकळं झाल्याने डी८ चा वजीर जी५ च्या घोड्यावर नेम धरतो. एका चालीत तीन फायदे. पण राखणदाराने जागा सोडली. एफ पट्टी उघडली, एच५ उघडं पडलं.

६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व एफ३+. एकाच चालीत राजाला शह आणि डी५ च्या घोड्यावर दुसरा मारा. आता राजाने कुठे जायचं ते घर घर तपासा.

रा जी८ खेळलं तर ८. उं×डी५+ व×डी५ ९. व×डी५+ उं ई६ १०. व×ई६ मात. रा ई८ खेळलं तर ८. उं×डी५ ने घोडा परत गेला, व एफ७ मात ची धमकी आली, आणि पांढरा एका प्याद्याने पुढे. म्हणून घोडा राखायला ७...रा ई६ हे एकच उरतं. सातव्या चालीत राजा पटाच्या मध्यावर! पांढरा ८. घो सी३ खेळून डी५ वर तिसरा मारा आणतो. काळ्याला ८...घो बी४ सारख्या चालीने तग धरता येतो, इंजिनही (बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्रॅम) लगेच हार मानत नाही. पण घड्याळ चालू असताना, समोर वजीर, उंट आणि घोडा असताना त्या राजाला वाचवणं फार कठीण आहे. या हल्ल्याला इटालियनमध्ये 'फेगातेल्लो' म्हणतात. तो शब्द काळजाच्या एका पदार्थाचा आहे, म्हणून इंग्रजी नावही 'फ्राइड लिव्हर' पडलं. सुमारे १६१० मध्ये पोलेरियो या इटालियन खेळाडूने तो खेळल्याची नोंद आहे, म्हणजे हा सापळा चारशे वर्षं जुना आहे.

आणि पांढऱ्याला घोडा द्यायचा नसेल तर ६. डी४ ही चालही आहे, लोल्ली हल्ला. सी१ चा उंट जी५ ला आधार देतो, मध्य उघडतो, आणि घो×एफ७ ची धमकी तशीच राहते. ती तितकीच जहाल आहे. त्यामुळे 'सहाव्या चालीचा बळी बरोबर आहे का' या वादात पडायची गरजच नाही. पांढऱ्याला दोन चांगले रस्ते आहेत, एवढं कळलं की चाल बाद.

इथून एक प्रश्न कायमचा उचला: हा मोहरा हलवला तर तो आता करत असलेलं काम कोण करणार?

५...घो ए५: काठावरचा घोडा

घोडा काठावर नेऊ नये हे आपण पहिल्या महिन्यात शिकतो. नियम बरोबर आहे. पण इथे ही चाल तीन कामं करते: घोडा मारातून सुटतो, सी४ च्या उंटावर हल्ला होतो, आणि एफ६ चा राखणदार जागेवरच राहतो. पांढऱ्याने उंट ६. उं बी३ असा मागे घेतला तर काळा तो मारून उंटांची जोडी मिळवतो आणि एफ७ कडे बघणारा मोहराच पटावरून जातो.

म्हणून मुख्य चाल ६. उं बी५+. आता ६...सी६. प्यादं पुन्हा द्यायचं? हो. ६...उं डी७ खेळता येतं, पण ७. व ई२ नंतर काळ्याला प्याद्याचा मोबदला कमी मिळतो. ७. डी×सी६ बी×सी६. इथे सी६ घोड्याने मारू नका (७...घो×सी६). बी प्याद्याने मारलं की ते प्यादं लगेच उंटावर धावून जातं आणि पांढऱ्याला पुन्हा एक चाल खर्चावी लागते. घोड्याने मारलं तर तो वेळ मिळत नाही, आणि प्यादं मात्र कमीच राहतं.

८. उं ई२ एच६. आता वेळ आली. घोड्याला हलावंच लागतं. ९. घो एफ३ ई४. पुन्हा घोडाच. १०. घो ई५. इथे पांढरा घाईत १०. घो डी४ खेळला तर १०...व×डी४, घोडा फुकट, कारण डी पट्टी उघडी आहे आणि डी४ ला कोणाचाच आधार नाही. १०...उं डी६, परत घोड्यावर. ११. डी४ ई×डी३ (जाता जाता मार) १२. घो×डी३ व सी७.

इथे थांबा आणि मोजा. पांढऱ्याचे दोनच मोहरे बाहेर आहेत, ई२ चा उंट आणि डी३ चा घोडा. तो घोडा तर जी१ वरून निघून एफ३, जी५, परत एफ३, ई५ आणि डी३ असा पाच वेळा हलला. काळ्याचे दोन्ही घोडे, एक उंट आणि वजीर बाहेर, सी८ च्या उंटाचा कर्ण मोकळा, आणि पुढच्या चालीत किल्लेकोट. एका प्याद्याच्या मोबदल्यात एवढं मिळालं तर तो सौदा चांगला आहे. एकोणिसाव्या शतकापासून जाणकारांचं मत साधारण असंच आहे. जर्मन खेळाडू टॅराशने तर ४. घो जी५ ही चालच कच्च्या खेळाडूची म्हणून हिणवली होती. ते टोकाचं झालं, कारण आजही अव्वल खेळाडू ती खेळतात.

या सौद्याची मुदत असते, हे मात्र विसरू नका. मोबदला वेळेचा आहे, आणि वेळ झिजतो. काळ्याने मोहरे, त्यातही वजीर, कारण नसताना बदलले की उरतं ते फक्त एक कमी प्यादं. ए५ चा घोडाही तसाच तिथे विसरू नका. पांढऱ्याने बी३ खेळून सी४ चं घर बंद केलं तर तो बी७ मार्गे परत आणायचा.

पांढरा वेगळा वळला तर

पाठ केलेल्या बारा चाली समोरचा खेळेलच असं नाही. चार वळणं ओळखीची असू द्या.

८. उं डी३: अलीकडे खूप खेळली जाते. दिसायला बेढब, कारण उंट स्वतःच्याच डी प्याद्यासमोर बसतो. पण हेतू साफ आहे: ई४ घर राखायचं, म्हणजे ...ई४ ही धावणारी चालच निघत नाही आणि ...एच६ नंतर घोड्याला ई४ वर बसता येतं. म्हणून इथे ...एच६ ची घाई नको. ८...घो डी५ खेळा. वजिराची नजर जी५ वर जाते आणि घोड्याला एफ४ चं घर दिसतं. ९. घो एफ३ उं डी६ १०. ०-० घो एफ४ असा डाव पुढे जातो. पांढऱ्याचा पांढऱ्या घरांचा उंट आता एफ७ कडे बघत नसल्याने एफ६ सोडलेलं चालतं. पाचव्या चालीत जी चाल घातक होती ती आठव्या चालीत बरोबर, फरक एका उंटाच्या जागेचा.

८. व एफ३: सी६ च्या प्याद्यावर मारा. ८...सी×बी५ खेळाल तर ९. व×ए८ ने हत्ती जातो. ८...ह बी८ हे धाडसी उत्तर कोलमन या ब्रिटिश खेळाडूच्या नावाने ओळखलं जातं. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी इथे कैदेत असताना त्याने त्याचं विश्लेषण केलं होतं. साधं हवं असेल तर ८...उं ई७ आहे.

९. घो एच३ (८. उं ई२ एच६ नंतर): श्टाइनिट्झची चाल. १९६३ मध्ये फिशरने बिसगायरविरुद्ध ती पुन्हा काढली आणि डाव जिंकला. घोडा काठावर गेला म्हणून हसू नका. ...उं×एच३ केल्यावर जी पट्टी उघडते आणि उंटांची जोडी पांढऱ्याकडे राहते, तेव्हा तो मार घाईने घेऊ नका. आधी विकास, म्हणजे बाकीचे मोहरे बाहेर काढा, मग ठरवा.

चौथं वळण ६. डी३. त्याकडे शेवटी येऊ.

उरलेल्या दोन चाली

५...घो डी४ ही फ्रिट्झची आणि ५...बी५ ही उल्व्हेस्टाडची. दोन्ही खेळता येतात, दोन्हींत सापळे आहेत, आणि दोन्हींत पांढऱ्याचं नेमकं उत्तर एकाच घरावर आहे: उंट परत एफ१ वर. ५...बी५ ६. उं एफ१, किंवा ५...घो डी४ ६. सी३ बी५ ७. उं एफ१. विकास उलटा गेल्यासारखा वाटतो, पण काळ्याचा वजीर डी५ किंवा जी५ वर आला की त्याचा नेम जी२ वर असतो, आणि एफ१ चा उंट ते प्यादं राखतो.

समोरच्याला हे ठाऊक नसेल तर काय होतं ते बघा: ५...घो डी४ ६. डी६ व×डी६ ७. घो×एफ७ (वजीर आणि हत्ती दोन्हींवर मारा, मोह अनावर) व सी६ ८. घो×एच८ व×जी२ ९. ह एफ१ व ई४+ १०. उं ई२ घो एफ३ मात. ई२ चा उंट ई पट्टीवर बांधलेला (हलला तर स्वतःच्याच राजाला शह) असल्याने घोडा मारू शकत नाही. सुंदर आहे. पण ७. उं×एफ७+ रा ई७ ८. उं बी३ खेळणाऱ्यासमोर हे सगळं ढासळतं. फक्त चुकीच्या उत्तरावर उभी असलेली चाल ब्लिट्झपुरती ठेवा. लांब डावासाठी ५...घो ए५ च.

पटावर बसल्यावर

९० मिनिटांच्या डावात अशा स्थितीवर ८ ते १० मिनिटं खर्च करणं उधळपट्टी नाही. १५ मिनिटांच्या रॅपिडमध्ये दोन मिनिटं. लांब डावात मोजणी एक मिनिट, यादी एक मिनिट, बाकी वेळ गणिताला. प्रत्येक ओळ कुठे थांबवायची? जिथे पुढचा शह, मार किंवा थेट धमकी उरत नाही तिथे. ७. व एफ३+ च्या आधीच 'घोडा फुकट मिळाला' म्हणून थांबणं ही सर्वात नेहमीची चूक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकच ओळ तीनदा मोजणं. एकदा मोजली, निकाल मनात एका शब्दात नोंदवला, पुढच्या चालीकडे.

चाल ठरली की हात उचलण्याआधी एकदा नजर वर करून समोरच्याचे सगळे शह आणि मार बघा. 'आधी लिहा, मग खेळा' हा जुना सल्ला मात्र आता देऊ नका. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनुसार चाल करण्याआधी ती लिहिता येत नाही. आणि हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, म्हणून विचार करताना बोटं पटापासून लांब.

घरी पडताळणी

आधी इंजिन बंद. पाचव्या चालीची स्थिती खऱ्या पटावर मांडा, मोहरे न हलवता २० मिनिटं विचार करा आणि तुमच्या ओळी कागदावर उतरवा. मगच स्टॉकफिश हा इंजिन-प्रोग्रॅम सुरू करा. लिचेस या संकेतस्थळाच्या विश्लेषण पटावर तो फुकट आहे. एकच ओळ न बघता तीन ते पाच ओळी लावा, आणि खोली (इंजिन किती पुढचं बघतंय तो आकडा) २२-२५ च्या पुढे जाईपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवू नका. आकडा पांढऱ्याच्या बाजूने असतो: अधिक म्हणजे पांढरा बरा, उणे म्हणजे काळा. ५...घो ए५ नंतर तो शून्याच्या जवळ, किंचित पांढऱ्याकडे झुकलेला दिसेल. ५...घो×डी५ नंतर साफ पांढऱ्याकडे.

आकड्यावर समाधान मानू नका. तुमच्या कागदावरची चुकीची ओळ इंजिनला खेळून दाखवायला लावा, आणि नेमक्या कोणत्या चालीपाशी तुमचं गणित तुटलं तिथे खूण करा. मग ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर्सचा आणि सामान्य खेळाडूंचा संग्रह शेजारी ठेवून बघा. सामान्य खेळाडूंच्या संग्रहात तुमच्या रेटिंगचा गट निवडा, कारण तुमच्यासमोर तेच बसणार आहेत. शेवटी ५...घो ए५ पासून इंजिनविरुद्ध काळ्या बाजूने तीन डाव आणि पांढऱ्या बाजूने तीन डाव खेळा. एक प्यादं कमी असताना पुढाकार कसा टिकवायचा, हे वाचून येत नाही.

आता राहिलेलं वळण, सरावासाठी. ५...घो ए५ ६. डी३. पांढरा उंट हलवतच नाही, तो डी३ च्या आधाराने सी४ वर बसून राहतो. काळ्याने काय खेळायचं? पुढे वाचण्याआधी मोजणी आणि यादी करा.

६...एच६ ७. घो एफ३ ई४. प्यादं घोड्यावर. ८. व ई२ ने पांढरा ई४ चं प्यादं राजासमोर बांधतो, म्हणून ...ई×एफ३ नियमानेच होत नाही. तेव्हा ८...घो×सी४ ९. डी×सी४, आणि मग ९...उं ई७ ने बांधणी सुटते, एफ३ च्या घोड्याला पळावं लागतं आणि काळा किल्लेकोट करतो. ९...उं सी५ हा जास्त आक्रमक पर्याय. आणि आठव्या चालीत समोरचा ८. डी×ई४ खेळून अख्खा उंटच देऊ लागला तर घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. १९५६ च्या मॉस्को ऑलिंपियाडमध्ये डेव्हिड ब्रॉन्स्टाइन रोयानविरुद्ध हेच खेळला आणि मध्यातल्या प्याद्यांच्या जोरावर जिंकला. उंट घ्या (८...घो×सी४), ९. व डी४ आल्यावर घोडा सुरक्षित घरी न्या, आणि पुढची प्रत्येक चाल त्या प्याद्यांना थोपवण्यासाठी वापरा.